सुखीलाला आणि झिंगालाला

जुने सिनेमे पुन्हा थिएटरात लावायची सध्या लाट आली आहे. २०२४ मध्ये 'तुंबाड' परत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. 'लैला मजनू'चंही नशीब दुसऱ्यांदा उजळलं. त्याच वर्षी डिसेंबरात राज कपूर यांच्या जन्मशताब्दीला त्यांचे सिनेमे शहरोशहरी दाखवले. आमच्या पांढुर्ण्याला अशी लाट पोचेस्तोवर ती ओसरलेली असते, पण नागपूर काही फार लांब नाही, आणि हातात मोबाइल आहेच. घरातली तरुण मंडळी म्हणतात, "काकू, तुमच्या काळातलं लावतोय, बसा." मी बसते. मला आवडतंच. फक्त मधेमधे अशा जागा येतात की सगळे हसतात आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहते.

अशी पहिली जागा मला लहानपणीच भेटली, 'मदर इंडिया'त. कन्हैयालालनं त्यात सुखीलाला केला. मेहबूब खाननं हीच गोष्ट १९४० साली 'औरत' म्हणून काढली होती, तिच्यातला सुखीलालाही हाच. सतरा वर्षांनी, १९५७ मध्ये, तोच नट, तेच नाव. वही, लबाड डोळे, आणि कर्जाच्या बदल्यात बाईच्या अब्रूवर नजर. नट इतका पक्का की पुढे कितीतरी वर्षं हिंदी सिनेमातल्या प्रत्येक सावकारात तोच दिसत राहिला.

सौंसरला माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. आम्ही सैतवाळ जैन. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, देवळातल्या आरत्यासुद्धा मराठीत. पण गावाला इतकं बारीक निवडत बसायला वेळ नसतो. दुकान आहे, काळी टोपी आहे, दिवे लागायच्या आत जेवतात, म्हणजे मारवाडी. गणपतीत व्हिडिओ आणि रंगीत टीव्ही भाड्यानं आणून रात्रभरात तीन सिनेमे लावायची पद्धत होती. त्यात 'मदर इंडिया' लागला की पुढचे आठ दिवस पोरं दुकानासमोरून "सुखीलाला, सुखीलाला" ओरडत जायची. आईचा संताप व्हायचा. वडील तराजूवरून नजर न काढता म्हणायचे, "वही आहे तोवर म्हणणारच."

त्यांच्या या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केलाय. उधारीची वही आमच्याकडे होतीच. आमच्या वहीत काय होतं ते मला माहीत आहे, पण इतरांच्या वह्यांमध्ये काय काय होतं तेही या पट्ट्यातल्या जुन्या लोकांना माहीत आहे. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भूराजस्व संहितेत कलम १६५ आहे. त्याप्रमाणे आदिवासींची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. असा कायदा कुणी हौसेनं करत नाही. आधी जमिनी जातात, मग कायदा येतो. म्हणून सुखीलाला हा माणूस मेहबूब खाननं हवेतून काढलेला नव्हता. त्याला बघून आमच्या घरच्यांना वाईट वाटायचं, तरी तो सिनेमा बंद करा असं म्हणावं असं मला कधी वाटलं नाही. आजही वाटत नाही.

मराठी वगांत आणि जुन्या सिनेमांत आमचा आणखी एक अवतार आहे. तो दुष्ट नसतो, नुसता विनोदी. धोतर सावरत येतो, 'मी जाते, तू येते' असं तोडकंमोडकं बोलतो, पैसे मोजताना थुंकी लावतो, शेवटी सगळे मिळून त्याला फसवतात आणि पब्लिक खूश होतं. माझ्या एका आत्याला हा प्रकार अजिबात खपत नसे. ती म्हणायची, "आपलं मराठी त्या लिहिणाऱ्याच्या मराठीपेक्षा शुद्ध आहे, आणि तोंडात घातलंय काय!" तसं बघितलं तर आम्हा नागपूर-पांढुर्ण्याकडच्या सगळ्यांचंच मराठी पुण्या-मुंबईच्या सिनेमात हसायलाच असतं. घरगड्याच्या किंवा हवालदाराच्या तोंडी वऱ्हाडी घातली की लेखकाचं अर्धं काम झालं. मद्रासी म्हणजे उघडं अंग, शेंडी आणि कपाळावर भस्म, हे मेहमूदनं १९६८ च्या 'पडोसन'मध्ये असं काही रंगवलं की दोन पिढ्यांना तमिळ माणूस तसाच दिसतो असं वाटायचं. गंमत अशी की पांढुर्णा दिल्ली-चेन्नईच्या मोठ्या लाइनवर आहे. जुन्या रेल्वे क्वार्टरांतल्या तमिळ काकू आमच्या शेजारी इडलीचं पीठ वाटायला यायच्या आणि त्या 'पडोसन'ला आमच्याहून जास्त हसायच्या. कुणाला काय लागतं आणि काय लागत नाही, हे दुसऱ्यानं ठरवणं कठीण.

इथवर मी सगळ्यांना एका रांगेत बसवलं. पण सगळे एका रांगेत बसत नाहीत, आणि माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

शाळेच्या स्नेहसंमेलनात 'आदिवासी नृत्य' नावाचा एक आयटम असतो. आमच्या वेळी होता, आमच्या मुलांच्या वेळी होता, आजही आहे. पोरांच्या तोंडाला काजळ नाहीतर काळा रंग, गालावर चुन्याचे ठिपके, कमरेला पानं किंवा हिरवा क्रेप कागद, हातात भाला, आणि कशाचाच अर्थ नसलेलं झिंगालाला-हुर्र. हा वेश कुठून आला म्हणाल तर सिनेमातून. १९७८ साली कृष्णा शाह यांचा 'शालिमार' आला. धर्मेंद्र, झीनत अमान, आणि थेट हॉलिवूडचा रेक्स हॅरिसन. त्यात किशोरकुमारचं एक फार सुंदर दुःखी गाणं आहे आणि त्याच्या मागे रंगवलेले जंगली लोक उड्या मारतायत. सिनेमा पडला, गाणं राहिलं, आणि उड्या शाळाशाळांत पोचल्या. त्याच्या आधी आणि नंतर असे डझनांनी आहेत. जंगलात वाट चुकलेला हीरो, खांबाला बांधलेली हीरोइन, खाली पेटवलेला जाळ. सगळी जमात कोळशासारखी, सरदाराची मुलगी तेवढी गोरी, कारण तिला हीरोच्या प्रेमात पडायचं असतं! चांगले दिग्दर्शकही यातून सुटले नाहीत. सत्यजित राय यांनी १९७० च्या 'अरण्येर दिनरात्रि'मध्ये सिमी गरेवालला काळा रंग फासून संथाळ मुलगी केलं. मराठीत १९७७ चा 'जैत रे जैत' वेगळा निघाला. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. त्यातले ठाकर माणसासारखी माणसं आहेत, त्यांना राग येतो, लोभ होतो, हट्ट असतो. त्यातही मोठ्या भूमिका शहरातल्या नटांनीच केल्या, पण हसण्यासाठी कुणाला उभं केलेलं नाही.

आता हे कुठल्या गावात चाललंय ते बघा. पांढुर्णा विधानसभेची जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. गावाच्या वरच्या अंगाला सातपुडा चढायला लागला की गोंडांची गावं लागतात. बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानात येणारं निम्मं गिऱ्हाईक तिकडचं. संत्र्याच्या बागेत तोडणीला तेच, घरात धुण्याभांड्याला त्यांच्याच बाया. आणि ज्या नागपूरला आपण सिनेमा बघायला जातो, ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहानं. तो देवगडचा किल्ला आमच्या जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातच आहे. शाळेची सहल तिथे जाते, पोरं पडक्या भिंतीवर चढून फोटो काढतात, आणि पुढच्या महिन्यात त्याच राजाच्या माणसांचं सोंग पानं गुंडाळून करतात. मंडला-डिंडोरीकडचे गोंड करमा आणि सैला नाचतात. ते कधी बघितलेत? पावलांचा एवढा हिशेब असतो की आमच्या संमेलनातल्या पोरांना सहा महिने शिकवलं तरी जमणार नाही. उड्या मारणं सोपं असतं.

सुखीलाला आणि झिंगालाला यांच्यात मला फरक दिसतो तो हा. माझ्या वडिलांना पोरं चिडवायची, पण संध्याकाळी त्याच पोरांचे बाप उधारीसाठी त्याच ओट्यावर यायचे. आमच्याकडे दुकान होतं, देऊळ होतं, पेपरात पत्र लिहू शकणारे लोक होते. मी स्वतः लिहिते आहे! त्या चित्राला उत्तर द्यायची सोय आमच्याकडे होती, आणि मुळात ते चित्र काढलं होतं आमचं कर्ज डोक्यावर असलेल्यांच्या बाजूनं. गोंडाचं सोंग काढणारा त्याच्या कर्जात नव्हता. त्याला तो माणूस कधी भेटलाच नव्हता. दोघांना एकच नियम लावून 'भावना दुखावल्या' म्हणणं मला पटत नाही. दोन्ही हशांची दिशा निराळी आहे.

मग अशा सिनेमांचं करायचं काय? अमेरिकेत हा प्रश्न आपल्या आधी पेटला. डिस्नेनं १९४६ साली 'साँग ऑफ द साउथ' काढला. एक म्हातारा काळा माणूस, अंकल रीमस, गोऱ्या मुलाला सशा-कोल्ह्याच्या गोष्टी सांगतो. गोष्टी छान, पण गोऱ्या मालकाच्या मळ्यावरचे काळे लोक असे काही सुखात दाखवलेत की गुलामी म्हणजे जणू आजोळची सुट्टी. तेव्हाच काळ्यांच्या संघटनेनं आक्षेप घेतला होता. तरी डिस्नेनं तो १९८६ पर्यंत पुन्हापुन्हा थिएटरात लावला. मग कुलूप घातलं. अमेरिकेत त्याची कॅसेट नाही, डिस्क नाही, आणि २०२० मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं की सूचना जोडूनसुद्धा दाखवणार नाही. ऐकायला बरं वाटतं. पण अंकल रीमस करणारा जेम्स बास्केट हा ऑस्करचं सन्मानपदक मिळालेला पहिला काळा पुरुष नट होता. अटलांटात पहिला खेळ झाला तेव्हा वर्णभेदामुळे त्याला त्या समारंभात जाता आलं नाही. तेव्हा तो दाराबाहेर राहिला, आता त्याचं काम कपाटात राहिलंय. कुलपानं अब्रू वाचली ती कंपनीची.

दुसरी तऱ्हा कात्रीची. 'टॉम अँड जेरी' आमच्या मुलांनी कार्टून नेटवर्कवर पारायणं केल्यासारखं बघितलं. त्यात घरकाम करणारी एक बाई असते, जाडजूड काळे पाय, पट्ट्यापट्ट्यांचे मोजे, तोंड जवळजवळ कधीच दिसत नाही. अमेरिकेत साठच्या दशकात टीव्हीसाठी काही भागांत तिचे पाय पुसून तिथे बारीकशा गोऱ्या बाईचे पाय काढले, आवाजही बदलला. म्हणजे चेहरा नव्हताच, होते ते पायही गेले. आणि मूळ आवाज देणारी लिलियन रँडॉल्फ ही काळी अभिनेत्री होती, तिचाही आवाज गेला. असली सुधारणा कुणासाठी?

तिसरी तऱ्हा सूचनेची. डिस्नेनं २०२० मध्ये 'पीटर पॅन', 'डम्बो' यांच्या आधी पाटी लावली, आणि पुढच्या वर्षी लहान मुलांच्या खात्यातून हे सिनेमे काढले. मोठ्यांना बघता येतात, सात वर्षांखालच्या मुलांच्या यादीत ते येत नाहीत. मला ही तऱ्हा त्यातल्या त्यात बरी वाटते. सिनेमा अख्खा राहतो, फक्त तो कुणापुढे कसा ठेवायचा हे ठरवावं लागतं. लोणचं बरणीत असणं वेगळं आणि तान्ह्याच्या ताटात वाढणं वेगळं.

आपल्याकडे नेमकं हे ताटाचंच बघितलं जात नाही. सेन्सॉरचं प्रमाणपत्र पूर्वी कायद्यानं दहा वर्षांचं होतं. २०२३ च्या दुरुस्तीनं ते कायमचं केलं. त्याच दुरुस्तीनं यू-ए चे सात, तेरा आणि सोळा असे टप्पे पाडले. पण ते नव्या सिनेमांना. साठ-सत्तर सालच्या ज्या सिनेमाला तेव्हा 'यू' मिळालं, तो आजही सहकुटुंब, लहानथोर सगळ्यांसाठी. निर्माता प्रिंट धुऊनपुसून लखलखीत करतो, नवं पोस्टर काढतो, नवे पैसे घेतो, आणि कुणी विचारलं की म्हणतो तो काळच तसा होता. काळ तसा होता हे खरं. पण तिकीट आजचं आहे ना? आज विकताय तर आजचं उत्तर द्या. एखादी जुनी गोष्ट जपून ठेवण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात अशी एकूण एक रिळं जपून ठेवावीत, ज्याला अभ्यास करायचाय त्यानं करावा. तक्रार आहे ती 'घरातल्या सगळ्यांसाठी निखळ करमणूक' म्हणून पुन्हा विकण्याबद्दल. त्या 'सगळ्यां'मध्ये कोण कोण धरलंय ते सांगा.

हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. आमच्या महिला मंडळानं चातुर्मास संपल्यावर मंगल कार्यालयात पडदा लावून एक जुना सिनेमा दाखवायचं ठरवलं. आमच्यातल्या बऱ्याच जणींची जेवणं सूर्य मावळायच्या आत उरकतात, म्हणून वेळ सातची. निवडलेला सिनेमा त्याच डझनातला, नाव देत नाही. वर लिहिलंय ते सगळं त्यात आहे, खांब, जाळ, गोरी सरदारकन्या. मी बैठकीत म्हटलं, आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायांनाही बोलवायचं ठरलंय, त्यांच्यापुढे हे लावायचं का? दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग एकीनं म्हटलं, त्यांना काय कळतंय, त्या तर हसतील. दुसरी म्हणाली, आता सगळ्यातच दोष काढायचे तर बघायचं काय? तिचंही अगदीच चूक नव्हतं.

आमच्याकडे येणाऱ्या बाईंची मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आई आजारी असली की ती येते. आजी गोंडी बोलते, हिला समजते, बोलता येत नाही, याचं तिला वाईट वाटतं. संमेलनात तोंड काळं करून नाचायला तिला शाळेत दोनदा उभं केलं होतं. "मले तं रंग बी कमी लागला, बाई म्हने तुले कायले लावाचा," असं तिनं मला सांगितलं तेव्हा ती हसत होती. मी तिला मंडळाचं विचारलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, नका लावू. ती भांडं विसळता विसळता म्हणाली, "लावा नं काकू. आमी पाच-सहा जनी येतो आन् समोरच बसतो. पाहू तं खरं, कोन कुठं हासते."

हे मी बैठकीत जसंच्या तसं सांगितलं. खळबळ झाली. आमच्या सेक्रेटरीबाईंनी लगेच मोबाइल काढला. "अवो भाभी, उगाच कायले वाद? दुसरा लावू, 'बावर्ची' लावू." आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. 'बावर्ची' मलाही फार प्रिय आहे. पण तो लावायचं ठरलं ते त्या मुलीचं मन राखायला नाही. ती समोर बसून आमच्याकडे बघणार होती, त्याची धास्ती होती. सिनेमा काढून टाकला की कुणाला काही बोलावं लागत नाही, आणि पुढच्या जानेवारीत शाळेत तोच नाच तसाच होतो.

म्हणून मी हट्ट धरला. 'बावर्ची' दिवाळीनंतर दाखवा, पण हा सिनेमाही दाखवा, मुलांना न बोलावता, आणि आधी कुणीतरी पाच मिनिटं बोलावं. बरीच कुरबूर होऊन ते मान्य झालं. बोलायला कोण, तर सगळ्यांनी त्या मुलीचं नाव सुचवलं. मी तिला विचारायला गेले. ती म्हणाली, परीक्षा आहे काकू, आणि दर वेळी आमीच कायले सांगाचं, तुमीच बोला.

तेव्हा ते पाच मिनिटांचं मला लिहायचं आहे. तीन कागद खराडून झालेत. पहिल्या कागदावर मी बख्त बुलंदापासून सुरुवात केली होती, ते शाळेच्या निबंधासारखं वाटायला लागलं म्हणून फाडलं. सध्या सुरुवात सौंसरच्या दुकानापासून आहे, वडिलांच्या तराजूपासून. समोरच्या रांगेत त्या सहा जणींच्या खुर्च्या ठेवायला मी सेक्रेटरीबाईंना सांगितलंय. सतरंजी नको, खुर्च्याच, हे दोनदा सांगितलंय.